बोरसे सर आणि शून्याची कोटी

बोरसे सरांना गप्प झालेलं मी आयुष्यात एकदाच पाहिलं, आणि त्या दिवशी मला खरोखर वाटलं की आता गोदावरी उलटी फिरून त्र्यंबककडे वाहायला लागणार.

आधीच एक सांगून टाकतो. मी शाळेत पीटी शिकवतो. शिट्टी फुंकणाऱ्या माणसाचा आवाज मोठा असतो आणि त्या आवाजात सांगितलेली गोष्टही फुगते. आमच्या स्टाफरूममध्ये म्हणतात की या ड्रिलसरांनी मांजर पाहिलं तर ते बिबट्या सांगतात. नाशकात हे जरा जपूनच म्हणायला हवं, कारण एकदा मी ग्राउंडच्या मागे बिबट्या सांगितला, सगळे हसले, आणि संध्याकाळी वनखात्याची जाळी आली. पण तो विषय वेगळा. सांगायचं एवढंच की या लिखाणात कुठे काही जास्त वाटलं तर थोडं कापून घ्या. शेवटाला मात्र कात्री लावू नका.

बोरसे सरांनी सत्तावीस वर्षं नववीला गणित शिकवलं. शाळा पंचवटीत, भाजीबाजारापासून दोन गल्ल्या आत. सर मूळचे सटाण्याकडचे. एरवी बोलणं इस्त्री केलेलं, पण धक्का बसला की आतून अहिराणी बाहेर यायची. फळ्यावर पोराने चूक केली की सर दोन्ही हात कमरेवर ठेवून विचारायचे, "हाई काय शे?" म्हणजे, हे काय आहे? या तीन शब्दांनी नववीच्या कित्येक पिढ्यांचे पाय लटपटलेले मी पाहिले आहेत. त्याच चालीवर मी एकदा ग्राउंडवर ओरडून पाहिलं. पोरं हसली.

उंच, काटकुळा माणूस. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं. निळं सही करायला, लाल गुण द्यायला. निळ्याची रिफिल दर महिन्याला बदलायची. लाल पेन शाळेत रुजू होताना आणलेलं तेच रिटायर होईपर्यंत पुरलं, असं मी सगळ्यांना सांगतो. गुण द्यायची वेळच फार कमी यायची. आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी सरांचे ठरलेले दोन शब्द असायचे: "विषय संपला."

सरांचा लाडका धडा बहुपदी. तुम्ही शाळा सोडून किती वर्षं झाली ते मी विचारत नाही, तेव्हा थोडक्यात सांगतो. क्षचा एखादा घात घ्यायचा, त्याला आकड्याने गुणायचं, अशी पदं अधिक-उणे करून जोडत गेलं की बहुपदी होते. (पुस्तकात इंग्रजी अक्षर आलं तरी सर क्षच लिहायचे. "क्षला काय झालंय?") एकच पद असेल तर एकपदी, दोन असतील तर द्विपदी, तीन असतील तर त्रिपदी. ही झाली डोकी मोजून केलेली वर्गवारी. दुसरी वर्गवारी वजनावर. क्षचा सगळ्यात मोठा घातांक जो, ती त्या बहुपदीची कोटी. कोटी एक असेल तर रेषीय, दोन असेल तर वर्ग बहुपदी, तीन असेल तर घन. क्षच्या पुढे जो आकडा बसतो तो सहगुणक. बास. मला पीटीवाल्याला एवढं तोंडपाठ आहे, कारण सरांनी सगळी स्टाफरूम याच तराजूत तोलून ठेवली होती.

हेडसर द्विपदी. "बघू" अधिक "नंतर". इंग्रजीच्या बाई त्रिपदी, त्यातली दोन पदं कायम एकमेकांना उडवून टाकायची. आमचा शिपाई घन, म्हणजे वरून साधा दिसतो पण आत तीन वळणं. मी एकदा धीर करून विचारलं, "सर, आणि मी?"

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "ड्रिलसर, तुम्ही एकपदी. कोटी एक. सरळ रेषा. तुमच्यात वाकडं काही नाही."

मी खूश होऊन आजूबाजूला बघतो तोवर पुढचं आलं. "फक्त सहगुणक फार मोठा. तुम्ही बोलता ते खरंच असतं, पण कायम शंभराने गुणलेलं."

हसून हसून इंग्रजीच्या बाईंचा डबा सांडला. मला राग यायला हवा होता, पण त्याआधी धक्काच बसला, की माझ्याबद्दल इतकं नेमकं आजवर माझ्या बायकोलाही सांगता आलं नव्हतं.

सरांच्या नादाने शाळेत काय काय घडलं, त्यातलं एक सांगतो. आमच्या ऑफिसात स्टाफचा एक फोटो टांगलेला आहे. त्या दिवशी मांडणी सरांकडे होती. बहुपदी प्रमाण रूपात लिहायची म्हणजे मोठ्या घातांकाचं पद आधी, मग उतरत्या क्रमाने बाकीची. आणि नुसते सहगुणक मांडताना मधलं एखादं पद नसेल तर त्या जागी शून्य लिहायचं, म्हणजे बाकीच्यांच्या जागा हलत नाहीत. सरांनी आम्हाला तसंच उतरत्या क्रमाने बसवलं, नोकरीच्या वर्षांप्रमाणे. चित्रकलेच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर होत्या. सरांनी त्यांच्या क्रमावर रिकामी खुर्ची ठेवायला लावली. फोटोग्राफर म्हणाला, "सर, ती खुर्ची काढू का?" सर म्हणाले, "हात लावू नका. बाई नाहीत, बाईंची जागा आहे."

झालं. फोटो भिंतीवर चढला. सहा महिन्यांनी बाई पेढे घेऊन आल्या, ऑफिसात गेल्या, आणि सगळ्या स्टाफच्या मधोमध आपली रिकामी खुर्ची बघून मटकन खाली बसल्या. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी तर त्या फोटोपुढे टोपी काढून हळूच विचारलं होतं, "कधी गेल्या?" हार तेवढा घालायचा राहिला होता. (हार घातलाही होता असं मी काही ठिकाणी सांगतो. ते कापा.)

बाजारात वेगळी तऱ्हा. निर्मला नावाची सरांची जुनी विद्यार्थिनी पंचवटीत भाजी विकते. आईचा ठेला आता तीच चालवते. सर पिशव्या घेऊन जायचे, चार. निर्मलाने घाईत मिरच्या आणि कोथिंबीर एकाच पिशवीत टाकली की सर जागेवर थांबायचे.

"निर्मला. दोन क्ष अधिक तीन य किती?"

"पाच काहीच नाही, सर! सजातीय नाहीत, एकत्र होत नाहीत!" निर्मला सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायची आणि मिरच्या वेगळ्या करायची. शेजारची बटाटेवाली मावशी शाळेत गेली नव्हती, पण गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की तीही म्हणायची, "ओ दादा, पाच काहीच नाही!"

आता मुद्द्याचं. सरांचा एक नियम सगळ्या शाळेला जाचायचा. हजेरीपटात खाडाखोड झाली तर शेजारी शिक्षकाने सही करायची, हे सगळ्याच शाळांत असतं. सरांनी तो नियम वर्गात आणला होता. वहीत काही खोडलं की शेजारी खोडणाऱ्याची सही. "खोडलं कोणी हे कळलं पाहिजे. बिनसहीची खाडाखोड म्हणजे लपवाछपवी." पोरं बिचारी पेन्सिलीने नऊचे सहा केले तरी सही करायची.

आणि हाच माणूस दर वर्षी श्रावणाच्या सुमारास नववीच्या सगळ्या पुस्तकांतली एक ओळ खोडायला लावायचा. बिनसहीची.

ती ओळ बहुपदीच्या धड्यात होती. शून्य बहुपदीची कोटी निश्चित करता येत नाही, अशा अर्थाची. सरांना ती कधी पटलीच नाही. सर पुस्तक उघडत नसत. त्यांच्या गावच्या गुरुजींकडून उतरवून घेतलेली तपकिरी कव्हरची वही होती, तीच त्यांची पोथी. वहीतला हिशेब असा: सात हे स्थिर पद, त्यात क्ष नाही, म्हणून कोटी शून्य. शून्य हीदेखील संख्याच. म्हणजे तेही स्थिर पद. म्हणून त्याचीही कोटी शून्य. विषय संपला. मग एखाद्या मुलीला उभं करून सर ती ओळ मोठ्याने वाचायला लावायचे आणि म्हणायचे, "छपाईची चूक. खोडा!" पुस्तकं बदलली, मुखपृष्ठं बदलली, ओळ मात्र प्रत्येक पुस्तकात पुन्हा यायची. सर हताश होऊन म्हणायचे, "छापणाऱ्यांना कोणी सांगत नाही का?"

एखादी चूक सत्तावीस वर्षं एकाच माणसाला दिसते आहे म्हटल्यावर त्या माणसाला तरी शंका यावी की नाही? पण आम्हालाही आली नाही. बोरसे सरांनी सांगितलं म्हणजे पुस्तकच चुकलं असणार, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

सरांना रिटायर व्हायला तीन महिने होते. मी ग्राउंडवरून पाणी प्यायला येत होतो. नववीच्या वर्गात कविता उभी होती. पेठकडची मुलगी, वसतिगृहात राहायची, वर्षभरात चार वाक्यं बोललेली. तिने बोट वर केलं होतं. सरांच्या वर्गात शंका विचारायची म्हणजे उजव्या हाताचं एक बोट वर करून "सर, शंका" म्हणायचं आणि परवानगी मिळेपर्यंत बोट खाली आणायचं नाही.

"विचार," सर म्हणाले.

"सर, शून्य गुणिले क्षचा पाचवा घात, किती?"

"शून्य."

"आन शून्य गुणिले क्षचा नव्याण्णवावा घात?"

"तेही शून्यच. पुढे?"

"मंग सर, शून्यात सगळ्यात मोठा घातांक कंचा धरायचा? पाच का नव्याण्णव? तुम्ही शून्य धरता, पन कुठलापन धरता येतो ना? मंग ठरवनार कसा?"

मी खिडकीत उभा होतो. मला गणितातलं ढिम्म कळत नाही, पण कबड्डीत मांडी धरली गेली की खेळाडूच्या चेहऱ्यावर काय दिसतं ते मला कळतं. सरांचा खडू फळ्यापाशी वर गेला होता. तिथेच राहिला. पहिल्या बाकावरची पोरं बघायला लागली. मग सगळा वर्ग बघायला लागला. सरांनी फळ्याकडे पाहिलं, कविताकडे पाहिलं, आणि तोंड उघडलं. मला वाटलं, आता येणार: हाई काय शे. काहीच आलं नाही. "विषय संपला" तर नाहीच नाही. तास संपायला बारा मिनिटं बाकी होती, आणि ज्या माणसाने घंटेनंतरही कधी डस्टर खाली ठेवला नाही तो माणूस वर्गातून निघून गेला.

मी मागे धावलो. सर स्टाफरूममध्ये नववीचं पुस्तक उघडून बसले होते. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. कोणा मुलाचं पुस्तक असावं. ती ओळ आदल्याच दिवशी खोडलेली होती, आणि सर पेन्सिलीच्या रेघेखालचं एक एक अक्षर बोटाने लावून वाचत होते.

"ड्रिलसर," ते म्हणाले, "बरोबर आहे हो."

"काय बरोबर आहे?"

"पुस्तक."

हेडसरांना कळलं तेव्हा त्यांनी आपलं पहिलं पद काढलं. "बघू. त्यात काय एवढं? माजी विद्यार्थ्यांचा ग्रुप आहे ना मोबाईलवर, एक मेसेज टाकून द्या." सर त्यांच्याकडे असे बघत राहिले की हेडसर दुसरं पद न काढताच केबिनमध्ये गेले.

"खोडायला मी समोर उभा राहून लावलं," सर मला म्हणाले. "सही मोबाईलवर करू?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी नववीच्या सगळ्या मुलांसमोर फळ्यावर लिहिलं की मी चुकलो, आणि प्रत्येकाच्या पुस्तकात त्या ओळीशेजारी निळ्या पेनाने सही केली. तारखेसकट. कविताच्या पुस्तकापाशी आले तर तिच्या पुस्तकात ओळ खोडलेलीच नव्हती. सर म्हणाले, "का गं?" ती म्हणाली, "पटल्याबिगर कशी खोडू?" मी तिथे पाण्याची बाटली धरून उभा होतो. बाटली माझ्या हातातून सुटली.

मग सुरू झाली ती भटकंती. माझी स्कूटर आणि मागे सर. जुन्या पुस्तकांच्या दुकानात जाऊन सरांनी नववीच्या गणिताचा सगळा गठ्ठा उपसायला लावला. ज्या ज्या पुस्तकात ओळ खोडलेली, ते आमच्या शाळेचं. सर तिथेच उकिडवे बसून सह्या करायला लागले. दुकानदार घाबरला. "ओ गुरुजी, पुस्तकं खराब करताय का माझी?" सर म्हणाले, "खराब मी मागेच केलीत. आता दुरुस्त करतोय." त्या दिवशी तीनशे सह्या झाल्या असतील. बरं, तीस.

तिथून बाजारात निर्मलाकडे. सरांनी पिशव्या काढल्या नाहीत हे बघूनच ती उठून उभी राहिली.

"निर्मला, शून्य बहुपदीची कोटी किती?"

"शून्य, सर!" सवयीने, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं.

"चूक. मी तुला चुकीचं शिकवलं."

निर्मलाच्या हातातला ताजवा लटकतच राहिला. समोरचं गिऱ्हाईक "ताई, भेंडी" म्हणत होतं, तिला ऐकू येईना. ताजवा खाली ठेवून ती म्हणाली, "सर, मला भेंडी विकायला कोटी लागत नाही हो. माझं काही मनावर घेऊ नका. पण..."

"पण काय?"

"संगीताला सांगितलं का?"

"कोणती संगीता?"

"आमच्या वर्गातली संगीता. तिनं चाचणीत पुस्तकात होतं तसंच लिहिलं होतं, निश्चित करता येत नाही म्हणून. तुम्ही गुण कापला. ती भांडली, म्हणाली पुस्तकात आहे. तुम्ही तिला बाकावर उभं केलं आणि सगळ्यांसमोर ती ओळ खोडायला लावली. पेनानं. पेन्सिल नको म्हणालात. तुम्ही विसरलात का सर?"

"विसरलो होतो," सर म्हणाले. "आता आठवलं."

मलाही आठवलं. अठरा वर्षं झाली असतील. मी व्हरांड्यातून जात होतो आणि बाकावर एक मुलगी उभी होती. खो-खोला चांगली पळायची. गृहपाठ केला नसेल, असं मनाशी म्हणून मी शिट्टी फुंकत पुढे गेलो होतो.

निर्मलाकडून एवढंच कळलं की संगीता लग्न होऊन इगतपुरीला गेली, तिथे कुठल्याशा शाळेत आहे. काय करते ते तिला ठाऊक नव्हतं. फोन नंबर होता. सरांनी घेतला नाही.

रविवार गेला आणि सोमवारी आम्ही रजा टाकून निघालो. घोटीच्या पुढे पावसाने झोडपायला सुरुवात केली, दोन्ही बाजूंना भाताची खाचरं तुडुंब, आणि मग मागून, हेल्मेटच्या काचेआडून, सरांचा आवाज आला.

"ड्रिलसर, ती गणितात हुशार होती. दहावीला तिला गणितात किती पडले, पुढे तिने काय घेतलं, मी कधी चौकशीच केली नाही."

"सर, एका गुणाने काय होतंय?"

"गुणाचं नाही हो. तिने बरोबर विचार केला होता आणि मी तिला सांगितलं की तू चुकलीस. त्यानंतर ती स्वतःच्या डोक्यावर विश्वास ठेवायची थांबली असेल तर? गणित सोडून दिलं असेल तर? मग मी सत्तावीस वर्षं काय केलं?"

मी आयुष्यात पहिल्यांदा काही फुगवून सांगायचं टाळलं. म्हणालो, "बघू." हेडसरांचं पद.

विचारत विचारत गाठलेली ती शाळा गावाच्या टोकाला, पत्र्याच्या छपराची. पावसाचा आवाज इतका की शिपायाने आमचं नाव तीनदा विचारलं. संगीता मॅडम? आहेत ना, नववीवर आहेत. गणित घेतात.

सरांनी माझा दंड धरला. बापरे, त्या काटकुळ्या माणसाच्या हातात एवढी ताकद! "गणित घेतात," ते म्हणाले. "सोडलं नाही, ड्रिलसर. सोडलं नाही तिने!" पावसात भिजलेला तो माणूस वर्गाकडे अक्षरशः पळत गेला. मी पीटीवाला, पण मी मागे पडलो.

संगीताने दारात सरांना पाहिलं आणि खडू टाकून पुढे आली. पाया पडली. डोळ्यांत पाणी. "मुलांनो, उभे राहा! हे माझे सर. मी तुम्हाला जे शिकवते ते सगळं यांचं. माझ्याकडे पुस्तकही त्यांच्याच वर्गातलं आहे!" टेबलावरचं जुनं, कडा झिजलेलं पुस्तक तिने उचलून दाखवलं. मुलं उभी राहिली, बसली. सर हसत होते. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी कधी पाहिला नव्हता. मग त्यांचं लक्ष फळ्याकडे गेलं.

बहुपदी. सगळ्या शाळांचं नियोजन सारखंच, धडा त्याच सुमारास येतो. एकपदी, द्विपदी, त्रिपदी, रेषीय, वर्ग, घन. सरांच्याच वळणाचं अक्षर, सरांचाच क्ष. आणि सगळ्यात खाली: शून्य बहुपदीची कोटी शून्य.

"संगीता," सर अगदी हळू म्हणाले, "आणि पुस्तकातली ती ओळ?"

तिला वाटलं, सर परीक्षा बघताहेत. ती अभिमानाने वर्गाकडे वळली. "सांगा रे सरांना!"

आणि पत्र्यावरचा पाऊस ऐकू येईनासा झाला इतक्या जोरात सगळा वर्ग ओरडला, "छपाईची चूक. खोडा!"

सरांचीच चाल. सरांचाच तो "खोडा"वरचा हेल. आम्हाला भीती होती की तिने गणित सोडलं असेल. तिने काहीच सोडलं नव्हतं. बरोबर उत्तर तेवढं सोडलं होतं, सरांसाठी.

संगीताने खुर्ची पुढे केली. सर तिथे बसले नाहीत. वर्गाच्या मधून चालत शेवटच्या बाकावर जाऊन बसले, दोन मुलींना सरकवून. आणि मग त्यांनी उजव्या हाताचं एक बोट वर केलं.

"मॅडम, शंका."

मुलं खुदखुदली. संगीताही हसली. बोट खाली येईना तेव्हा तिचं हसू कमी झालं. "विचारा, सर."

"शून्य गुणिले क्षचा पाचवा घात, किती?"

"शून्य."

"शून्य गुणिले क्षचा नव्याण्णवावा घात?"

"शूऽ..." ती थांबली. तिने फळ्यावर लिहिलं, एकाखाली एक, दोन्ही. आमच्याकडे पाठ करून ती एकदा पाचाला, एकदा नव्याण्णवाला खडू टेकवत राहिली. कविताला ते कळायला एक तास लागला असेल, सरांना सत्तावीस वर्षं. संगीताला ते कळायचं नव्हतंच. ते तिला पूर्वीच कळलेलं होतं.

"सर," ती न वळताच म्हणाली, "मी तेव्हा हेच म्हणत होते."

"हो."

"म्हणजे मी बरोबर होते?"

सर उठले. मला वाटलं पुढे जातील. ते बाकावर चढले. अठ्ठावन्नला टेकलेला माणूस, गुडघे गेलेले, ओले बूट, आणि बाक एका पायाने अधू. मी धावत जाऊन त्यांची कंबर धरली. पोरं हसायला लागली होती ती एकदम थांबली.

"तुला असंच उभं केलं होतं ना?" सर म्हणाले. पुढचं इस्त्री मोडून आलं. "मनं चुकनं, संगीता. मनं चुकनं." म्हणजे, माझं चुकलं.

"उतरा सर, अहो उतरा, बाक मोडेल," संगीता म्हणत होती, रडत होती, आणि तिने एका हाताने फळ्यावरचं ते कोटीचं शून्य पुसून टाकलेलं तिला स्वतःलाही कळलं नव्हतं.

मी सरांना खाली उतरवलं. ते म्हणाले, "पुस्तकं आणा." एक एक करत सगळ्यांनी पुस्तकं शेवटच्या बाकावर आणून ठेवली. निळं पेन निघालं. ओळीशेजारी सही, तारीख. ओळीशेजारी सही, तारीख. बाहेर पाऊस, आत पानांची सळसळ. मी मोजत होतो. एकेचाळीस.

बेचाळिसावं पुस्तक संगीताने स्वतः आणलं, ते जुनं. त्यातली रेघ पेनाची होती, दाबून मारलेली, मागच्या पानावर उमटलेली. सरांनी तिच्यावरून बोट फिरवलं. मग निळं पेन खिशात ठेवून लाल काढलं. ते चालेना. त्यांनी तळहातावर गिरवून गिरवून ते चालू केलं, आणि त्या ओळीशेजारी बरोबरची खूण केली, खाली लिहिलं: गुण एक. मग सही.

त्यानंतर सर रिटायर होऊन सटाण्याकडे गावी गेले. मला मात्र ते अजून तिथेच दिसतात, त्या शेवटच्या बाकावर, तळहात लाल शाईने माखलेला, आणि संगीता पुस्तक दोन्ही हातांनी धरून तो एक गुण बघत उभी.

एकेचाळीस अधिक एक. मीच मोजल्यात. या आकड्याला सहगुणक लावलेला नाही.